शाळा तीच, शिक्षक तेच, मग रिझल्ट का पडला?

पुण्याहून दिरांचा मेसेज आला, "वहिनी, तुमच्या बाजूची ती अमेरिकेतली एक नंबरची शाळा बुडाली म्हणे?" आणि खाली नेहमीसारखा एक फॉरवर्ड, की प्रवेश परीक्षा बंद केली आणि आता बघा काय झालं. उत्तर टाइप करायला घेतलं तर ते संपेचना, मग म्हटलं जाऊदे, ब्लॉगवरच लिहू. तसंही हे बऱ्याच जणांनी विचारून झालंय, त्यातले काही तर बदली होऊन इकडेच येणार आहेत आणि घर कुठे घ्यायचं हे शाळेवरून ठरवतायत, त्यांच्याही कामाला येईल.

शाळेचं पूर्ण नाव थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी, पण एवढं लांब कोणी म्हणत नाही, सगळे टीजेच म्हणतात. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आहे, वॉशिंग्टन डीसीच्या जवळ, १९८५ पासून. ही सरकारी शाळा आहे हे आधी डोक्यात पक्कं करा, फी नाही, डोनेशन नाही, पिवळी बस. नुसत्या फेअरफॅक्सची नाही तर लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन, फॉल्स चर्च इथलीही मुलं येतात, लाउडनच्या पार टोकाकडची पोरं तर हिवाळ्यात अंधारातच बस पकडतात. इकडे हायस्कूल नववी ते बारावी, त्यामुळे आठवीत असताना अर्ज करायचा. आत गेल्यावर जे मिळतं ते खरंच भारी आहे, बारावीत प्रत्येकाला एखाद्या लॅबमध्ये स्वतःचा प्रोजेक्ट करावा लागतो, इथल्या मुलांनी बनवलेला छोटासा उपग्रह २०१३ मध्ये अवकाशात गेला होता, हायस्कूलच्या मुलांनी बनवलेला पहिला! आणि यूएस न्यूज नावाची वेबसाइट शाळांची जी क्रमवारी काढते त्यात २०२०, २०२१ आणि २०२२ अशी सलग ही शाळा देशात पहिली होती.

आता आधी प्रवेश कसा मिळायचा ते सांगते. अर्ज करायलाच १०० डॉलर, मग परीक्षा, त्यात गणित, वाचन, सायन्स, त्यात जे वर येतील त्यांचा पुढचा राउंड, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं. गणिताचा पेपर मध्ये एकदा मुद्दाम बदलला होता, म्हणजे असा पेपर आणला की ज्याची तयारीच करून घेता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्या लोकांसमोर असं म्हणणं म्हणजे आव्हानच की. क्लासवाल्यांनी त्याचीही तयारी सुरू केली, सहावीपासून बॅचेस, शनिवार-रविवार, उन्हाळ्याची सुट्टी, आणि फी हजारो डॉलरमध्ये. एका क्लासने तर आपल्याकडून निवड झालेल्या मुलांची नावंच ऑनलाइन टाकली होती, शंभराच्या वर नावं, आणि तेव्हा अख्खी बॅच ४८६ ची. आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर चौकात फ्लेक्स लागतात त्याची इंटरनेट आवृत्ती. आणि त्या यादीत बरीचशी नावं भारतीय, हे मी कुजबुजून सांगत नाहीये, ते इथे सगळ्यांना माहितीये.

रविवारच्या मराठी शाळेत मुलं आत "मोडला नाही कणा" वगैरे पाठ करत असताना बाहेर कॉरिडॉरमध्ये आम्ही आया काय बोलायचो तर हेच. माझ्या एका मैत्रिणीच्या डायनिंग टेबलवर दोन वर्षं जेवण झालं नाही, तिथे प्रॅक्टिस पेपरांचे गठ्ठे, रंगीत हायलायटर आणि पोळ्यांसाठी आणलेला किचन टायमर. ते कुटुंब सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवायचं. पोरगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा.

आणि या सगळ्याच्या दुसऱ्या बाजूला काय होतं? २०२० ला जी बॅच निवडली गेली त्यात ७३ टक्के आशियाई वंशाची मुलं (यात चिनी, कोरियन, व्हिएतनामी आणि आपण सगळे आलो), हिस्पॅनिक (म्हणजे मूळची लॅटिन अमेरिकेकडची) ३ टक्क्यांच्या आसपास, काळी मुलं जेमतेम १ टक्का, आणि गरीब घरातली मुलं तर एका टक्क्यापेक्षाही कमी. काउंटीत काही मिडल स्कूल्स (हायस्कूलच्या आधीची, आठवीपर्यंतची शाळा) अशी की तिथून दरवर्षी डझनांनी मुलं जायची, आणि काही अशी की तिथून एकही नाही. कर सगळेच भरतात हो शाळेसाठी.

मग तो २०२० चा उन्हाळा, पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा मृत्यू, देशभर मोर्चे, त्यात कोविड, परीक्षा घ्यायची कुठे हाही प्रश्न, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये स्कूल बोर्डाने (काउंटीच्या सरकारी शाळा चालवणारी, लोकांनी निवडून दिलेली समिती) परीक्षाच काढून टाकली. अर्जाची फीसुद्धा काढली. नवीन पद्धत डिसेंबरमध्ये ठरली, ती अशी की शाळेतले मार्क म्हणजे जीपीए किमान ३.५ हवा (४ पैकी), वरच्या लेव्हलचं गणित-सायन्स घेतलेलं हवं, एक स्वतःबद्दलचं लिखाण, एक प्रॉब्लेम सोडवून दाखवायचा निबंध, आणि घरची परिस्थिती, मूल इंग्रजी नव्याने शिकतंय का, तुमच्या शाळेतून आजवर कमी मुलं गेलीत का, या गोष्टींचा थोडा विचार. अर्ज तपासणाऱ्यांना मुलाचं नाव किंवा वंश दिसत नाही. पण खरी कळ दुसरीच होती, प्रत्येक मिडल स्कूलला तिच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखीव. आणि बॅच वाढवून ५५० केली.

निकाल लगेच दिसला. २०२१ च्या उन्हाळ्यात जी बॅच आली त्यात आशियाई ७३ वरून ५४ टक्के, काळी मुलं १ वरून ७, हिस्पॅनिक ३ वरून ११, गोरी १८ वरून २२, आणि गरीब घरातली मुलं एक टक्क्याच्या आतून थेट २५ टक्के. आपल्या ग्रुपवर त्या रात्री जो काही दंगा झाला तो सांगण्यासारखा नाही. एक गोष्ट मात्र त्या दंग्यात कोणी बघितली नाही, ती पुढे कोर्टाच्या निकालपत्रात आली, की कमी उत्पन्नाच्या घरातल्या आशियाई मुलांपैकी आदल्या वर्षी फक्त एकाला प्रवेश मिळाला होता आणि या वर्षी ५१ जणांना. म्हणजे आपल्यातलेच, पण सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानाच्या काउंटरवर आणि उबर चालवून घर चालवणारे. त्यांची मुलं रविवारच्या मराठी शाळेत नसतात म्हणून आम्हाला दिसत नाहीत, एवढंच.

आता येऊ रिझल्टकडे, कारण दिरांचा फॉरवर्ड त्याबद्दल होता.

इकडे अकरावीत ऑक्टोबर महिन्यात पीएसएटी नावाची परीक्षा असते, त्यात जे अगदी वरचे येतात त्यांना नॅशनल मेरिट सेमीफायनलिस्ट म्हणतात, देशभरात साधारण १६ हजार मुलं. आपल्याकडे एनटीएसई होती ना बंद पडायच्या आधी, तसा तिचा मान. टीजेची जी शेवटची परीक्षावाली बॅच होती, २०२४ ला बाहेर पडलेली, तिच्यात असे १६५ जण होते. त्यानंतरची, नवीन पद्धतीने आलेली पहिली बॅच, २०२५ ची, तिच्यात ८१. एका वर्षात निम्मे! प्रवेशाच्या वेळचे आकडे धरले तर आधी तिघांमागे एक होता, आता सात जणांमागे एक. सप्टेंबर २०२४ ला हे जाहीर झालं आणि "आम्ही सांगत नव्हतो का" वाल्यांना आयताच दारूगोळा मिळाला.

पण जरा थांबा आणि बघा हा आकडा बनतो कसा. सेमीफायनलिस्टची संख्या राज्यवार ठरलेली असते, बारावी पास होणाऱ्यांच्या प्रमाणात प्रत्येक राज्याला कोटा, आणि त्या हिशोबाने त्या राज्याचा कट-ऑफ वर-खाली होतो. म्हणजे व्हर्जिनियातून साधारण तेवढीच मुलं निवडली जाणार, मग ती टीजेत बसलेली असोत नाहीतर आपापल्या घराजवळच्या शाळेत. टीजेचे चौऱ्याऐंशी कमी झाले याचा अर्थ तेवढीच हुशारी राज्यातून हवेत विरली असा होत नाही, ती मुलं दुसरीकडे आहेत, मॅक्लीन, लँगली, ओकटन, चँटिली अशा कुठल्यातरी शाळेच्या वर्गात. जो मुलगा जुन्या पद्धतीत टीजेला गेला असता तो आता घरापासून दहा मिनिटांवर शिकतोय आणि पीएसएटीला तेवढेच मार्क पाडतोय. शिवाय ऑक्टोबर २०२३ ला, म्हणजे नेमकी हीच बॅच बसली तेव्हा, ती परीक्षा पहिल्यांदा कागदावरून कॉम्प्युटरवर आली, अख्खं स्वरूप बदललं. आणि ही बॅच आठवी घरात बसून स्क्रीनवर शिकलेली. एवढ्या गोष्टी एकाच वर्षात हललेल्या असताना सगळं बिल एकाच्या नावावर फाडायचं म्हणजे कठीण आहे.

त्याहून गंमत त्या क्रमवारीची. टीजे २०२३ ला पाचवी झाली, २०२४ ला चौदावी. झालं, लोकांनी लगेच सुतक पाळलं. पण यूएस न्यूजची २०२४ ची यादी निघाली ती २०२१-२२ मध्ये बारावीत असलेल्या मुलांच्या एपी परीक्षांवर (एपी म्हणजे कॉलेज लेव्हलचे पेपर, ते शाळेतच देतात). आता हिशोब करा, २०२२ ला बारावी संपवणारी मुलं टीजेत आली २०१८ ला. म्हणजे ती सगळी जुन्या परीक्षेतून, १०० डॉलर भरून, क्लास लावून आलेली! क्रमवारीत राज्याच्या परीक्षांचाही भाग असतो, त्यात खालच्या वर्गातली मुलं येतात, त्यामुळे नवीन बॅचचा अंश अजिबातच नाही असं मी म्हणत नाही, पण "परीक्षा काढली म्हणून चौदावी" हे जे छातीठोक सांगतात त्यांनी तारखा बघितलेल्याच नसतात. मी एका घरगुती गणपतीत आरतीनंतर हे समजावायचा प्रयत्न केला तर एक काका मला म्हणाले, "ते असेल हो, पण पडली ना शेवटी?" मी मोदक घेतला.

तरीही मी असं म्हणणार नाही की काहीच बदललं नाही, काही लोक तसंही म्हणतात आणि मला तेही पटत नाही. बदललंय. आधी जी मुलं यायची ती वेळ लावून बहुपर्यायी पेपर सोडवण्यात देशातली सर्वात तरबेज म्हणून निवडलेली, मग तीन वर्षांनी त्यांना वेळ लावून आणखी एक बहुपर्यायी पेपर दिला तर ती त्यात वर येणारच, त्यात शाळेचं कर्तृत्व किती? ज्या गुणावर निवड केली तोच गुण पुढे मोजला तर आकडा छानच दिसतो. निवड दुसऱ्या गुणावर केली की तो आकडा उतरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. नवीन बॅचचा सरासरी जीपीए उलट आधीच्या बॅचेसपेक्षा किंचित जास्तच होता, ३.९ च्या वर. म्हणजे शाळेतले मार्क जास्त आणि परीक्षेतले कमी. कारण जीपीए सगळ्यांनाच भरपूर मिळतो इकडे, आपल्याकडे २०२१ ला परीक्षा न घेता अंतर्गत मार्कांवर दहावीचा निकाल लावला तेव्हा तो ९९.९५ टक्के लागला होता, आठवतंय ना? आणि मग अकरावीसाठी सीईटी घ्यायची म्हटलं तर ती हायकोर्टाने रद्द केली. त्याच वर्षी, त्याच महिन्यांत आम्ही इकडे हेच भांडत होतो, मला तेव्हा मोठी मौज वाटली होती.

आणि हे कॉलेजांचंही बघा ना. पुण्या-मुंबईतली किंवा लातूरची नावाजलेली ज्युनियर कॉलेजं, ९५ टक्क्यांच्या खाली आत घेत नाहीत, मग दोन वर्षांनी पेपरात पानभर जाहिरात की आमचा बारावीचा निकाल बघा. अहो, ९५ वाले घेतले तर ते ९५ च्या आसपासच जाणार, तुम्ही त्यांना काय दिलंत ते सांगा. हे माझे सासरे, निवृत्त मुख्याध्यापक, कायम म्हणायचे आणि त्यांची स्वतःची शाळा होती तालुक्याच्या गावी, येईल त्याला घ्यायचं असा खाक्या, निकाल ६० टक्के. त्या ६० टक्क्यांसाठी त्यांना किती मेहनत लागायची ते घरातल्यांनीच बघितलंय.

हेच अर्थशास्त्रज्ञांनी नीट मोजून दाखवलंय. एमआयटीचे जोशुआ अँग्रिस्ट (२०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले), पराग पाठक आणि त्यांचे सहकारी अतिला अब्दुलकादिरोग्लू, यांनी बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या अशाच परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांचा अभ्यास केला, बॉस्टन लॅटिन, स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स वगैरे, २०१४ ला तो छापून आला. कल्पना इतकी साधी की मला फार आवडली. कट-ऑफच्या अगदी वर असलेलं मूल घ्या आणि अगदी खाली असलेलं घ्या. एक-दोन मार्कांचा फरक, म्हणजे त्या दिवशी एकाला सर्दी होती एवढाच. दोघं जवळजवळ सारखी मुलं. पण एक गेलं देशातल्या नामांकित शाळेत, आजूबाजूला सगळे टॉपर, आणि दुसरं राहिलं साध्या शाळेत. काही वर्षांनी दोघांचे परीक्षांचे मार्क बघा. शाळा जर जादू करत असेल तर पहिल्याचे खूप जास्त यायला हवेत ना? फरक जवळपास नाहीच. राज्याच्या परीक्षा, एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा), एपी, कुठेच म्हणावा असा नाही.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या त्या मैत्रिणीला सांगायचा मोह झाला होता, पण तिच्या डायनिंग टेबलवर तोवर धाकटीचे पेपर आले होते.

अर्थात हा अभ्यास काठावरच्या मुलांबद्दल आहे, जे खूप वर आहेत त्यांच्याबद्दल तो काही सांगत नाही. आणि मार्कांपलीकडे जे मिळतं, ती लॅब, तो उपग्रह, आपल्यासारख्याच वेड्या गणितप्रेमी चार पोरांची संगत, जे दुसऱ्या शाळेत मिळालं नसतं, ते कुठल्या परीक्षेत मोजणार. त्यामुळे शाळा फालतू आहे असं मुळीच नाही. पण शाळेचा रिझल्ट म्हणजे शाळेची करामत, हे जे आपण धरून चालतो, त्यातला मोठा हिस्सा दारात कोणाला आत घेतलं त्याचा असतो.

याची उलट बाजू बघायची तर सॅन फ्रान्सिस्कोला जावं लागेल. तिथलं लोवेल हायस्कूल, १८५६ पासूनचं, तेही सरकारी आणि तिथेही मार्क आणि टेस्ट बघून प्रवेश. कोविडमध्ये टेस्ट झाल्या नाहीत म्हणून बोर्डाने २०२० ला ठरवलं की सरळ सोडत काढायची, बाकीच्या शाळांसारखी. नंतर ते कायमचंच करायला गेले आणि तिथे मात्र पालक भडकले, त्यात त्याच बोर्डाने शाळा बंद असताना ४४ शाळांची नावं बदलण्याचा घाट घातलेला, लोक म्हणाले आधी शाळा उघडा मग नावं बदला. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदान होऊन तीन बोर्ड मेंबरना लोकांनी घरी पाठवलं, आणि त्या मोहिमेत चिनी वंशाचे पालक सगळ्यात पुढे होते, आयुष्यात पहिल्यांदा मत देणाऱ्या आज्यासुद्धा.

तर सोडतीने आलेल्या पहिल्या बॅचचं पहिलं सेमिस्टर, २०२१ च्या उत्तरार्धातलं. नववीच्या ६२० मुलांपैकी २४.४ टक्के मुलांना किमान एका विषयात डी किंवा एफ, म्हणजे जेमतेम पास किंवा नापास. आदल्या वर्षी तेच प्रमाण ७.९ टक्के होतं आणि त्याआधी ७.७. तिप्पट! इथे आकडा टीजेपेक्षा बोलका आहे असं मला वाटतं, कारण हा बाहेरच्या परीक्षेचा नाही, वर्गातल्या रोजच्या अभ्यासाचा आहे. प्रिन्सिपल म्हणाले की कोविडमुळे इतक्या गोष्टी गुंतल्यात की एकावर बोट ठेवता येत नाही, आणि ते खरंही आहे, ती मुलं आठवीत जवळपास वर्षभर शाळेत गेलीच नव्हती. पण तिप्पट म्हणजे तिप्पट. शिकवायचा वेग जुना, मुलं नवीन, आणि मध्ये पूल कोणी बांधलाच नाही. मला राग येतो तो याचा. आत घ्यायचं असेल तर घ्या, जरूर घ्या, पण मग पहिल्या दिवसापासून त्यांच्यासाठी जादा तास, शिक्षक, वेगळी गणिताची पायरी ठेवा. नुसतं दार उघडून फोटो काढायचे आणि पोरगं गटांगळ्या खायला लागलं की "बघा, लायकी नव्हती" म्हणणाऱ्यांच्या हातात ते आयतं द्यायचं, यात त्या पोराचं काय भलं झालं? जून २०२२ ला सॅन फ्रान्सिस्कोचं बोर्ड लोवेलसाठी ४ विरुद्ध ३ मतांनी परत जुन्या पद्धतीवर आलं.

टीजेचं मात्र कोर्टात गेलं. पालकांच्या एका गटाने मार्च २०२१ ला केस टाकली की ही पद्धत आशियाई मुलांना कमी करण्यासाठीच आणलीय. फेब्रुवारी २०२२ ला जिल्हा न्यायाधीश क्लॉड हिल्टन यांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला, मे २०२३ ला वरच्या कोर्टाने तो दोन विरुद्ध एक असा फिरवला, आणि फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला, दोन न्यायमूर्ती नाराज होते त्यांनी तसं लिहिलंही. आम्हाला वाटलं संपलं. तर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने नव्याने चौकशी लावली. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं की इथल्या आठवीच्या मुलांचा फॉर्म बदलतो की काय अशी अवस्था आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला दीड टक्क्याचा नियम आवडतो आणि परीक्षा पूर्ण काढून टाकणं आवडत नाही. दोन्ही एकत्र ठेवता आलं असतं. प्रत्येक शाळेतून घ्या, पण त्या शाळेतल्या मुलांमधून निवडताना एखादा साधा पेपर ठेवा, कारण निबंधात तर कोचिंग आणखीनच चालतं, ज्याच्या घरी इंग्रजी लिहिणारे आईवडील त्याचा निबंध आपोआप तीन वेळा वाचला जातो. क्लासेस बंद पडले असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी बातमी, आता ते "तुमच्या मुलाची गोष्ट कशी मांडावी" हे शिकवतात. तेरा वर्षांच्या मुलाला आपला संघर्ष पाचशे शब्दांत लिहायला लावायचा, आणि त्याचा संघर्ष काय तर भावाने एक्सबॉक्सचा रिमोट लपवला. टेस्टमध्ये निदान खोटं तरी बोलावं लागत नव्हतं.

माझ्या ओळखीत एक मुलगी आहे, आई नेपाळी, सलूनमध्ये काम करते, मुलगी अशा मिडल स्कूलमधून आली जिथून पूर्वी कोणी टीजेला जात नव्हतं. पहिल्या वर्षी गणितात सी आला, आई माझ्याकडे येऊन रडली, की हिला परत आणू का जवळच्या शाळेत. मुलीने ऐकलं नाही. रोज शाळा सुटल्यावर शिक्षकांकडे जाऊन बसायची, तिथे ती सोय आहे, पण मागावी लागते. सेमीफायनलिस्ट वगैरे नाही झाली, त्या ८१ मध्ये ती नव्हती, टीजेचा आकडा "पाडणाऱ्यां"मध्ये होती असं म्हणा. इंजिनिअरिंगला गेली चांगल्या सरकारी युनिव्हर्सिटीत, जवळपास फुकटात.

आता जे इकडे येणार आहेत आणि घर शोधतायत त्यांच्यासाठी. पूर्वी सल्ला सोपा होता, जिथून सगळ्यात जास्त मुलं टीजेला जातात त्या मिडल स्कूलच्या हद्दीत घर घ्या, हर्नडनच्या रेचल कार्सन मिडल स्कूलचं नाव तर आपल्या लोकांना तोंडपाठ होतं, आणि त्या हद्दीतलं घर महागच. दीड टक्क्याच्या नियमाने ते उलटं झालंय. तिथे तुमच्या मुलाची स्पर्धा त्याच्याच वर्गातल्या दोनशे अशाच मुलांशी, उरलेल्या खुल्या जागा सगळ्यांना मिळून शंभरच्या आसपास, आणि त्यावरही सगळीकडून उड्या. काही जण हिशोब करून मुद्दाम साध्या शाळेच्या हद्दीत राहायला गेलेत, पण तिथे आठवीपर्यंत पुढचं गणित शिकवणारे वर्ग पुरेसे आहेत का ते आधी बघा, कारण किमान अल्जेब्रा वन आठवीत लागतंच. आणि नियम पुढच्या वर्षी हाच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, त्यामुळे नुसत्या टीजेच्या हिशोबाने तीस वर्षांचं कर्ज काढू नका. घर असं बघा की जवळचं साधं हायस्कूल तुम्हाला चालेल, बहुतेक मुलांना शेवटी तिथेच जायचंय, आणि फेअरफॅक्समधली ती साधी हायस्कूल्स बऱ्यापैकी चांगली आहेत, विशेषतः आता ती चौऱ्याऐंशी पोरं तिथे असताना.